फुल सस्पेन्शन एमटीबी घेताय? आधी आपण नक्की काय चालवतो ते बघा

पुढे शॉकअप, मागे शॉकअप अशी फुल सस्पेन्शन एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, घ्यायचं डोक्यात आलं की बहुतेक जण थेट ट्रॅव्हलच्या आकड्यावर जातात, म्हणजे शॉकवर चाक किती मिलिमीटर वर-खाली होतं त्यावर. १४० घेऊ की १६०? मग रात्री युट्यूबवर कॅनडातल्या व्हिसलरचे व्हिडिओ बघायचे आणि १७० एमएमचं धूड घरी आणायचं. व्हिसलरला लिफ्ट आहे राव. सायकल लिफ्टला अडकवायची, आपण बसायचं, वर गेलं की उतरायचं आणि सुटायचं. आपल्याकडे टेकडीवर जायचं म्हणजे आपल्याच पायाने, आणि त्याआधी घरापासून टेकडीच्या पायथ्यापर्यंत डांबरीवर पाच-दहा किलोमीटर, सिग्नल, रिक्षा, स्पीडब्रेकर सगळं धरून. त्यामुळे सायकल निवडायच्या आधी एक साधी गोष्ट करा, आपल्या नेहमीच्या रविवारच्या राइडमध्ये वेळ कुठे जातो ते मनात मांडा. तीनशे मीटर चढायला पाऊण तास लागत असेल तर तेच उतरायला दहा-बारा मिनिटं लागतात. म्हणजे सायकलवरचा बहुतेक वेळ तुम्ही सीटवर बसून घाम गाळताय, आणि सायकल मात्र उरलेल्या दहा मिनिटांसाठी निवडताय.

हे मी उतार आवडणाऱ्यांना हिणवायला लिहीत नाहीये, मलाही उतारच आवडतो. पण आपल्या भागात उताराचं भाडं चढावर भरावं लागतं, तेव्हा चढताना त्रास न देणारी आणि उतरताना घाबरवणार नाही अशी सायकल शोधायची, एवढाच सगळा खेळ आहे.

आधी नकोसं बोलून टाकतो. दहा-पंधरा-वीस हजारात जी डबल शॉकअपवाली सायकल मिळते, जाड फ्रेम, मधोमध रंगीत स्प्रिंग, ती कृपा करून ट्रेलवर, म्हणजे डोंगरातल्या कच्च्या वाटेवर, नेऊ नका. तिच्यात मागे नुसती स्प्रिंग असते, डॅम्पिंग नसतं. डॅम्पिंग म्हणजे शॉकच्या आतलं तेल बारीक भोकांतून जातं आणि स्प्रिंगला एकदम उसळू देत नाही, ते. ते नसेल तर दगडावर आदळल्यावर सीट तुम्हाला वर फेकते, आणि पुढचा दगड यायच्या वेळी तुम्ही अजून हवेतच. ओळखायला सोपं आहे, दुकानात सीटवर दोन्ही हातांनी पूर्ण वजन टाका आणि पटकन सोडा. सायकल टुणकन उडाली तर नको. दबून शांतपणे वर आली तर पुढे बोलू. वर या सायकली १८-२० किलोच्या असतात, पिव्हटमध्ये, म्हणजे फ्रेमचा मागचा भाग ज्या सांध्यांवर हलतो तिथे, बेअरिंगच्या जागी बुश असतात आणि वर्षभरात मागचं चाक डावी-उजवीकडे डुलायला लागतं. खरी फुल सस्पेन्शन नवी घ्यायची तर लाख-दीड लाखाच्या खाली क्वचितच काही मिळतं. तेवढं बजेट नसेल तर हवेचा फोर्क (पुढचा शॉक) असलेली चांगली हार्डटेल, म्हणजे मागे शॉकअप नसलेली सायकल, घ्या, १२०-१३० एमएमची, मनापासून सांगतो. ७० हजारांची हार्डटेल ७० हजारांच्या फुल सस्पेन्शनपेक्षा वर पण लवकर जाते आणि खाली पण. सेकंडहँडचा मार्ग आहे, त्यावर पुढे येतो.

आता प्रकार. कंपन्या एवढी नावं पाडतात की माणूस गोंधळतो, पण मागच्या चाकाचा ट्रॅव्हल बघितला की बरंचसं कळतं.

१०० ते १२० एमएम म्हणजे क्रॉस कंट्री, एक्ससी. स्ट्राव्हा अ‍ॅपवर वाटेच्या तुकड्यांच्या वेळा (सेगमेंट) बघणारे, दोन-तीन तास सलग पेडल मारणारे, एमटीबी हिमालयासारख्या अनेक दिवसांच्या रेसची स्वप्नं बघणारे, त्यांच्यासाठी. पूर्वी एक्ससी म्हटलं की हार्डटेलच, मागचा शॉक म्हणजे फुकटचं वजन अशी समजूत होती. मग २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये यारोस्लाव्ह कुलहावी २९ इंची फुल सस्पेन्शनवर सोनं जिंकला, २०१६ ला रिओत नीनो शुर्टरही फुल सस्पेन्शनवरच जिंकला, आणि तो वाद जवळपास संपला. स्पेशलाइज्ड एपिक, स्कॉट स्पार्क, ट्रेक टॉप फ्युएल, जायंट अँथम या त्या घरातल्या. वजन ११ ते १३ किलोच्या आसपास. सुळसुळीत चढतात, पण खडकाळ उतारावर चुकीला माफी कमी.

१३० ते १५० म्हणजे ट्रेल बाइक. ट्रेक फ्युएल ईएक्स, स्पेशलाइज्ड स्टम्पजंपर, जायंट ट्रान्स, पॉलिगॉन सिस्किउ ही मंडळी. १३ ते १५ किलो. सगळं थोडं थोडं करणाऱ्या माणसाची सायकल.

१६० ते १८० एन्ड्युरो. ट्रेक स्लॅश, स्पेशलाइज्ड एन्ड्युरो, जायंट रेन. या चढतात, चढत नाहीत असं नाही, पण चढायचं म्हणून चढतात. सपाट पायवाटेवर तर अक्षरशः झोपा काढतात, कारण छोट्या-मोठ्या दगडांचं त्यांना काही पडलेलंच नसतं आणि तुम्हाला वाटतं आज ट्रेल कंटाळवाणा आहे. आणि २०० एमएमची डाउनहिल, पुढे मोटरसायकलसारखा दोन क्राउनचा फोर्क, ती तर जीप किंवा लिफ्ट असेल तरच. तुमच्याकडे टेम्पो, ड्रायव्हर आणि रिकामा रविवार असं तिन्ही असेल तर घ्या, मला पण बोलवा.

जंप आणि पम्पट्रॅक (उंचवटे-वळणांचा छोटा ट्रॅक) हीच मुख्य आवड असेल तर फुल सस्पेन्शनच नको, डर्ट जंप हार्डटेल घ्या, निम्म्या पैशात दुप्पट मजा.

माझं मत विचाराल तर सह्याद्रीत फिरणाऱ्या दहातल्या सात-आठ जणांना १२० ते १४० मागे आणि १३० ते १५० पुढे एवढं पुरतं, आणि त्याच्या वरचे पैसे ट्रॅव्हलवर न घालता ब्रेक, टायर आणि शॉकच्या दर्जावर घालावेत. चांगल्या डॅम्परचा १३० एमएम स्वस्त डॅम्परच्या १५० पेक्षा जास्त वाटतो, हे एकदा चालवून बघितल्याशिवाय पटत नाही.

जमीन बघा मग सायकल

हे सगळे आकडे परदेशातल्या मातीवर बेतलेले असतात. आपली जमीन वेगळी, आणि दर चार महिन्यांनी बदलते. पुण्या-नाशकाकडच्या टेकड्यांवर बेसाल्टचे दगडगोटे आणि मुरूम, फेब्रुवारीनंतर तो मुरूम इतका सुटा होतो की ब्रेक लावला तरी सायकल आपल्या मर्जीने सरकत राहते. इथे ट्रॅव्हलचा फारसा उपयोग नसतो, टायरची पकड आणि तुमचं वजन पुढच्या चाकावर आहे का हेच कामाला येतं. कोकणात आणि गोव्यात जांभा. कोरडा असताना त्याची पकड झकास, पण सड्यावरचा तो खडबडीत पृष्ठभाग बारीक बारीक धक्क्यांनी हात बधिर करतो, तिथे हलक्या धक्क्यालाही लगेच दबणारा मऊ शॉक लागतो. पावसात त्याच जांभ्यावर शेवाळ आलं की देवाचं नाव घ्यायचं. देशावर काळी माती, पावसाळ्यात ती चाकाला चिकटून फ्रेमच्या आत इतकी भरते की चाक फिरायचंच थांबतं, म्हणून त्या भागातल्या लोकांनी मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंना फ्रेममध्ये किती जागा सुटते ते बोट घालून बघावं. काही सायकलींमध्ये २.४ इंची टायर बसतो म्हणतात पण मग बोट काय, पोस्टकार्ड पण जात नाही.

आणि आपल्या वाटा या सायकलसाठी बनवलेल्या नाहीत. गुरांच्या, गुराख्यांच्या, देवळाकडे जाणाऱ्या पायवाटा. वळणं अरुंद, मध्येच दगडी पायऱ्या, मध्येच कुंपण, आणि बऱ्याच ठिकाणी सायकल खांद्यावर घेऊन वीस मिनिटं चालावं लागतं. फुल सस्पेन्शनच्या फ्रेमच्या त्रिकोणात शॉक असल्यामुळे खांदा घालायला जागा नसते, हे कोणत्याच रिव्ह्यूत लिहिलेलं नसतं. दुकानात एकदा उचलून खांद्यावर घेऊन बघा, सेल्समन हसला तर हसू दे. तसंच फ्रेममध्ये पाण्याची बाटली बसते का ते बघा. आपल्याकडच्या मार्च-एप्रिलमध्ये पाठीवरची दोन लिटरची पिशवी कमीच पडते.

भूमिती, म्हणजे जॉमेट्री

यात लोक फार खोलात जातात, पण तीन-चार आकडे कळले तरी काम होतं.

हेड अँगल, म्हणजे पुढचा फोर्क किती तिरका आहे. आकडा कमी तितका फोर्क पुढे झुकलेला, उतारावर तितका धीर, आणि हळू वेगाच्या घट्ट वळणावर तितकी कटकट. एक्ससीत ६६ ते ६८ अंश, ट्रेलमध्ये ६४ ते ६६, एन्ड्युरोत ६३-६४. आपल्या पायवाटांच्या इंग्रजी यू सारख्या वळणांवर ६३ अंशांची लांबलचक सायकल वळवायची म्हणजे एसटी बोळात वळवण्यासारखं आहे. मला ६५ ते ६६.५ च्या मधलं आवडतं, तुमच्याकडे वाट सरळ आणि तीव्र उताराची असेल तर खाली जा.

सीट ट्यूब अँगल, म्हणजे सीटखालच्या नळीचा कोन, हा मात्र जितका उभा तितका आपल्या कामाचा. ७६ ते ७८ अंश असला की तुम्ही पेडलच्या बरोबर वर बसता, चढावर पुढचं चाक उचललं जात नाही. जुन्या सायकलींमध्ये ७३-७४ असायचा, सीटवर बसून चढताना मागचा शॉक दबतो आणि माणूस अजून मागे झुकतो. सेकंडहँड घेताना हा आकडा नक्की बघा.

रीच म्हणजे उभं राहून चालवताना हँडल किती पुढे आहे ते. साइझ यावरून ठरवा, नुसत्या एस, एम, एल या अक्षरांवर जाऊ नका, कारण एका कंपनीचा मीडियम दुसऱ्या कंपनीचा लार्ज असतो. साधारण साडेपाच फूट उंचीच्या माणसाला ४३० ते ४५५ एमएम रीच जमतो. दोन साइझच्या मध्ये अडकलात, आणि आपल्याकडे ५ फूट ६ इंच ते ८ इंच वाले कायम अडकतात, तर अरुंद वाटा आणि खेळकर सायकल हवी असेल तर छोटी, वेगात स्थिर हवी असेल तर मोठी. आणि दुकानदार जर म्हणाला की तुमच्या साइझची नाहीये पण स्टेम (हँडल धरणारा तुकडा) बदलून देतो, तर चहा पिऊन निघा. स्टेमने रीच बदलत नाही.

पेडल दगडाला आपटणं हा आपला राष्ट्रीय प्रश्न आहे. फुल सस्पेन्शन बसल्यावर खाली दबते, त्यामुळे कागदावर बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलचा मधला आस, जमिनीपासून ३४० एमएम असला तरी प्रत्यक्षात खाली येतो. ३३० च्या आसपासची सायकल वळणावर छान चिकटते पण दगडगोट्यांत खटाखट आपटते. उपाय म्हणजे १७५ च्या जागी १७० किंवा १६५ एमएमचे क्रँक, म्हणजे पेडलचे दांडे, बऱ्याच नव्या सायकलींत तेच येतात.

लिंकेज आणि शॉक

लिंकेज म्हणजे मागचं चाक फ्रेमला जोडणाऱ्या दुव्यांची रचना. सिंगल पिव्हट, फोर बार, हॉर्स्ट लिंक, व्हीपीपी, डीडब्ल्यू लिंक असे तिचे प्रकार, यावर लोक तासन्‌तास भांडतात. खरेदीच्या दृष्टीने एवढं धरा: पेडल मारल्यावर मागचा भाग किती डुलतो, ब्रेक लावल्यावर शॉक काम करत राहतो की अडकतो, आणि एकूण बेअरिंग किती. पहिल्या दोन गोष्टी चालवून कळतात. तिसरी मोजायची. सिंगल पिव्हटला बेअरिंग कमी, देखभाल सोपी, पेडल मारताना आणि ब्रेक लावताना थोडी त्रुटी. व्हीपीपी आणि डीडब्ल्यू लिंकला दोन छोटे दुवे, पेडलिंग सुंदर, पण त्या खालच्या दुव्यात सगळा चिखल जाऊन बसतो. काही एक्ससी सायकलींत, एपिक आणि स्पार्कमध्ये आहे तसं, मागचा पिव्हटच नसतो, फ्रेमचे दांडे स्वतःच थोडे वाकतात, वजनही वाचतं आणि बेअरिंगही. पावसाळ्यात चार महिने चालवणाऱ्या माणसाने बेअरिंगची संख्या मनावर घ्यावी. दिलासा एवढाच की पिव्हटची बेअरिंग बहुतेकदा ६९०२, ६८०२, ६९०० अशा ठरलेल्या नंबरांची असतात, मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा तुमच्या गावच्या बेअरिंगच्या दुकानात नंबर सांगून मिळू शकतात. फक्त पिव्हटसाठी गोळ्या जास्त भरलेलं बेअरिंग येतं, साधं टाकलं तर लवकर जातं.

शॉक हवेचा घ्यायचा की कॉइलचा, म्हणजे स्प्रिंगचा? हवेचा. मऊ-कडक करायला पंप पुरतो. कॉइलचा उतारावर लोण्यासारखा चालतो, खरंय, पण तुमच्या वजनाला लागणारी स्प्रिंग वेगळी विकत घ्यावी लागते, ती आपल्याकडे चटकन मिळत नाही, आणि वजनही वाढतं. एन्ड्युरो सायकल आणि लांब उतार असेल तर विचार करा.

हे वजनाचं प्रकरण आपल्याकडे जास्त महत्त्वाचं आहे. ५५-६० किलोच्या माणसाला बऱ्याच सायकली कारखान्यातून येतात तशा कडक वाटतात, हवा कमी करून सॅग (नुसतं बसल्यावर शॉक किती दबतो ते) जमतो पण मग रिबाउंड (दबलेला शॉक परत येण्याचा वेग) पूर्ण उघडला तरी शॉक हळूच परत येतो. म्हणून हलक्या माणसाने शॉकचा रिबाउंड, तो बहुतेकदा लाल नॉब असतो, आपल्या सॅगवर ठेवून किती उघडावा लागतो ते चालवून बघावं. शेवटच्या क्लिकपर्यंत जावं लागलं तर ती सायकल तुमची नाही. ९० किलोच्या वरच्यांनी उलटं बघायचं: शॉकला बाजूला छोटी टाकी आहे का, कारण लांब उतारावर तेल तापतं, फोर्कच्या नळ्या जाड आहेत का, ३४-३५ एमएम तरी हव्यात, आणि पुढची डिस्क २०० एमएमची बसते का.

सॅग बघितल्याशिवाय टेस्ट राइडला अर्थ नाही. दुकानदार म्हणेल एक चक्कर मारून या साहेब, आणि शॉकमध्ये आधीच्या गिऱ्हाइकाची हवा असेल. शॉक पंप मागून घ्या, साधा पंप चालत नाही. सुरुवातीला मागच्या शॉकमध्ये आपल्या वजनाच्या किलोला २.२ ने गुणून येईल तेवढे पीएसआय भरा, ६५ किलोला १४०-१४५ च्या आसपास, हा फक्त सुरुवातीचा अंदाज, प्रत्येक फ्रेमला वेगळं लागतं. मग शॉकच्या दांड्यावरची रबरी रिंग वर सरकवा, हेल्मेट, बॅग, पाणी सगळ्यासकट सीटवर हळूच बसा, कोणाला तरी सायकल धरायला सांगा, न उड्या मारता उतरा, आणि रिंग किती सरकली ते पट्टीने मोजा. शॉकचा स्ट्रोक, म्हणजे शॉक स्वतः जास्तीत जास्त किती दबतो ते, ६० एमएम असेल तर ३० टक्के म्हणजे १८ एमएम सरकायला हवी. इथे लोक गडबडतात, सायकलचा ट्रॅव्हल १५० आणि शॉकचा स्ट्रोक ६० या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, टक्केवारी शॉकच्या स्ट्रोकची काढायची. एक्ससीत २०-२५ टक्के, ट्रेलला २५-३०, एन्ड्युरोत ३० किंवा थोडं वर. पुढच्या फोर्कला १५ ते २० टक्के, म्हणजे १४० च्या फोर्कला २१ ते २८ एमएम.

मग चक्कर मारा. बसून चढ चढा, उभं राहून चढा, फुटपाथवरून खाली उतरा, रस्त्यावरच्या स्पीडब्रेकरवर पेडल न मारता जा आणि मागचं चाक एकदाच दबून वर येतं की दोनदा डुलतं ते बघा. जमलं तर एखाद्या मित्राची तशीच सायकल खऱ्या ट्रेलवर मागून घ्या. त्याच्या हातात पेट्रोलचे पैसे ठेवा, बिर्याणी खिलवा, काहीही करा, पण तीन लाखांच्या वस्तूसाठी दुकानासमोरची गल्ली पुरेशी नाही.

चाकं, टायर, ब्रेक

चाकं आता बहुतेक २९ इंचीच. दगडांवरून सरळ जातात. उंची पाच-तीन, पाच-चारच्या खाली असेल किंवा उड्या मारायला आवडत असेल तर मागे २७.५ आणि पुढे २९ असलेली बघा, तीव्र उतारावर मागचं चाक ढुंगणाला घासत नाही. २६ इंचीची जुनी सायकल कोणी फुकट देत असेल तरच घ्या, चांगले टायर मिळत नाहीत.

ट्यूबलेस हवंच. बाभूळ आणि बोरीचे काटे ज्यांच्या नशिबी आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको, ट्यूबचा टायर घेऊन गेलात तर रविवार पंक्चर काढण्यात जातो. रिम ट्यूबलेसची आहे का ते विचारा. आत टाकायचं सीलंट, म्हणजे भोक बुजवणारं द्रावण, आपल्या उन्हाळ्यात लवकर सुकतं, दोन-तीन महिन्यांनी हलवून बघा, खळखळ आवाज नाही आला तर भरा. टायरची रुंदी २.३५ ते २.५ इंच, हवा ६५-७० किलोच्या माणसाला पुढे २१-२२ आणि मागे २४-२५ पीएसआयपासून सुरू करा. दुकानात ४० भरून देतात, तेवढ्या हवेवर कुठलीच सायकल चांगली वाटणार नाही.

ब्रेक चार पिस्टनचे, निदान पुढचा तरी. घाटाच्या उतारावर दोन पिस्टनचे स्वस्त ब्रेक तापून मऊ पडतात. पावसाळ्यासाठी मेटल पॅड ठेवा, रेझिनचे ओल्या मुरुमात बघता बघता झिजतात. एक छोटी सोय म्हणजे श्रॅम कंपनीच्या बऱ्याच ब्रेकमध्ये डॉट तेल लागतं, डॉट ४ मोटरसायकलच्या पार्टच्या दुकानात कुठेही मिळतं, शिमानोचं मिनरल ऑइल सायकलच्याच दुकानातून आणावं लागतं. श्रॅमचेही काही नवे ब्रेक मिनरल ऑइलवर आलेत, तेव्हा मास्टर सिलिंडरच्या (ब्रेकच्या दांडीजवळच्या तेलाच्या टाकीच्या) झाकणावर लिहिलेलं वाचा आणि दोन्ही कधीही मिसळू नका, आतली रबरं फुगून ब्रेक जातो.

ड्रॉपर पोस्ट, बोटाने दाबून सीट खाली करायचा खांब, तो नसलेली फुल सस्पेन्शन मला अर्धवट वाटते. १५० एमएमचा तरी बघा. कंपनीने दिला नसेल तर त्याचे पैसे बजेटमध्ये आधीच बाजूला ठेवा.

सर्व्हिस कोण करणार

हे दुकानात शिरायच्या आधी विचारा. रॉकशॉक्स कंपनीच्या फोर्कचे खालचे पाय ५० तासांनी उघडून तेल आणि सील बघायचे असतात, मागच्या शॉकची हवेची टाकीही ५० तासांनी. फॉक्स कंपनी १२५ तास किंवा वर्ष म्हणते. धूळ आणि चिखलात त्याच्या आधीच. दर आठवड्याला तीन तास चालवणाऱ्याचे ५० तास चार महिन्यांत होतात. आता तुमच्या गावात हे करणारा मेकॅनिक आहे का? नसेल तर शॉक काढून कुरिअरने पुण्या-मुंबई-बंगळुरूला पाठवायचा आणि दोन-तीन आठवडे सायकल भिंतीला. म्हणून मी शॉकचा ब्रँड सायकलच्या ब्रँडइतकाच बघतो. ज्याचे सील किट इथे मिळतात तो बरा, भले रिव्ह्यूत अर्धा स्टार कमी असेल. फोर्कचं खालचं तेल-सील काम घरी शिकता येतं, फार अवघड नाही, आतल्या डॅम्परला मात्र हात घालू नका.

डिरेलर हँगर, म्हणजे मागचा गिअर बदलणारा भाग फ्रेमला जोडणारा तुकडा, कोणता लागतो ते विचारा. श्रॅमचा यूडीएच, म्हणजे सगळ्यांना चालणारा हँगर, २०१९ पासून आला आणि आता बहुतेक कंपन्यांनी घेतलाय, तो असेल तर सुटलात. नसेल तर सायकलीबरोबरच दोन जास्तीचे हँगर घ्या, नंतर मिळणार नाहीत. आणि राइडहून परत येताना मोटरसायकलच्या वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा फवारा मारून घ्यायची हौस असते काही जणांना, त्या पाण्याने पिव्हटमधलं ग्रीस निघून जातं आणि बेअरिंग गंजतं. बादली, मग, ब्रश, बस.

सेकंडहँड घेताना

पैसे वाचवायचा खरा मार्ग हाच, दोन-तीन वर्षं जुनी ट्रेल बाइक बरीच खाली मिळते, कारण हौसेने घेऊन बाल्कनीत ठेवणारे खूप आहेत. सीट धरून वर-खाली हलकेच उचला, टक टक आवाज आला तर शॉकचे बुश किंवा पिव्हट गेलेत. मागचं चाक धरून आडवं हलवा. फोर्कच्या चकचकीत नळ्यांवर नख फिरवा, नख अडकेल असा ओरखडा, तोही सीलच्या पट्ट्यात, म्हणजे मोठा खर्च. शॉकची हवा आदल्या रात्री भरून ठेवायला सांगा, सकाळी जाऊन पंपाने बघा, पंप लावताना थोडी हवा पंपाच्या नळीत जातेच तेवढा फरक धरा. शॉक बसवलेल्या जागी, पिव्हटच्या भोवती आणि हेड ट्यूबच्या (फोर्क बसतो त्या नळीच्या) खाली रंगाला बारीक तडा आहे का ते मोबाइलच्या टॉर्चने बघा. कार्बन फ्रेम असेल तर मी स्वतः ओळखीच्या माणसाकडूनच घेईन. मूळ बिल आणि फ्रेम नंबर मागा.

अमेरिकेहून येणाऱ्या चुलत भावाला सांगून जुनी सायकल मागवायचा विचार असेल तर आधी शॉकची मापं बघा. २०१६ च्या आधीच्या फ्रेममध्ये शॉकची मापं जुन्या इंचांच्या पद्धतीची असतात आणि मागचा हबही (चाकाचा मधला भाग) बहुतेकदा १४२ एमएम रुंदीचा, आताचा सर्रास १४८ चा. शॉक बिघडला की बदली शोधता शोधता नाकी नऊ येतात. शिवाय कस्टम ड्युटीचं काय ते भावाने आधी विचारून ठेवावं, आणि वॉरंटी बहुतेक ठिकाणी पहिल्या मालकापुरतीच असते.

इलेक्ट्रिक एमटीबीचं विचारतात हल्ली. २२-२५ किलो. चढ सोपा होतो, खरंच होतो, पण आपल्या कुंपणांवरून आणि दगडी पायऱ्यांवरून ती उचलायला दोन माणसं लागतात, तेव्हा एकट्याने जाणाऱ्याने विचार करावा.

पुढचं पाऊल म्हणून असं करा. नेहमीच्या तीन वाटा कागदावर लिहा, प्रत्येकीवर सायकल कुठे अडकते, कुठे भीती वाटते ते लिहा. चढावर दम लागतो आणि उतारावर ठीक असेल तर १२० ची बघा. उतारावर हात दुखतात, मागचं चाक उडतं, तर १४०. आणि तुम्ही उतारावर कधीच ब्रेक सोडत नसाल, तर आधी नवीन टायर आणि ब्रेक पॅड टाकून जुन्याच सायकलवर महिनाभर चालवून बघा, कधीकधी तेवढ्यावर भागतं. वाट वनखात्याच्या हद्दीत असेल तर सायकलला परवानगी आहे का ते आधी विचारा, आणि सकाळी फिरायला येणाऱ्या काका-काकूंना वाट द्या, त्यांच्या एका तक्रारीवर अख्खी टेकडी बंद होऊ शकते.

सायकल घरी आली की पहिल्या दोन-तीन राइडनंतर सगळे पिव्हट बोल्ट टॉर्क रेंचने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) तपासून घ्या, नव्या सायकलीचे ते हमखास थोडे सैल होतात. किती न्यूटन मीटर ते बहुतेकदा बोल्टवरच कोरलेलं असतं, नाहीतर मॅन्युअलमध्ये. शॉक आणि फोर्कमधली हवा, सॅग आणि रिबाउंडचे क्लिक मोबाइलमध्ये लिहून ठेवा, कारण दुकानात सर्व्हिसला दिली की सगळं शून्यावर येऊन परत येते.